पद्मिनीच्या पुढच्या काचेचं रबर दगड झालंय, काच न फोडता कसं बदलू?

चिपळूणहून प्रश्न
वडिलांची १९८२ची प्रीमियर पद्मिनी आहे. पुढच्या काचेच्या रबरात नख रुतत नाही, खालच्या कोपऱ्यांत भेगा पडल्यात. गेल्या पावसाळ्यात पायाशी गोणपाट टाकायचो आणि रोज पिळायचो. सिलिकॉनची ट्यूब भरली, आठ दिवस टिकली. आता कुर्ल्याहून नवं रबर आणलंय. गॅरेजवाला म्हणतो, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू. काच मूळची आहे, वडिलांनी कधी तडा जाऊ दिला नाही. जीव धजत नाही.

कोल्हापूरहून
उचकटू देऊ नका! कडेला लोखंड लागलं की काच गेलीच समजा. जुनं रबर वाचवायचं नाहीये, मग बाहेरची कड ब्लेडने गोल कापून टाका. त्याआधी चकचकीत पट्टी हळूच सोडवा, एकदा मुडपली की सरळ होत नाही. मग आत बसून तळव्यांनी वरच्या कोपऱ्यांवर सावकाश दाब द्या. बाहेर काच धरायला माणूस हवाच. निघाली की गादीवर आडवी ठेवा.
त्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास होता का?

चिपळूणहून
हो, डोळ्यांत पाणी यायचं.

कोल्हापूरहून
मग पूर्ण खरवडून काढा. ते वाळताना आम्ल सोडतं, पत्रा गंजतो.

नाशिकहून
नवं रबर आधी काचेवर चढवा, गाडीवर नव्हे. पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत नायलॉनची बारीक दोरी सगळीकडून फिरवा. टोकं खाली मध्यावर वीतभर एकमेकांवरून जाऊ द्या आणि आत लोंबत ठेवा. रबर दुपारच्या उन्हात मऊ करा, साबणाचं पाणी भरपूर लावा. तेल-ग्रीस नको, रबर फुगतं. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी काचेच्या मध्याकडे ओढायची. रबराची आतली कड पत्र्यावरून उलटून आत येते. कोपऱ्यात अडलं तर थांबा, पाणी लावा, जोर नको.

चिपळूणहून
रविवारी भावाला घेऊन बसलो. डाव्या कोपऱ्यात रबराखाली अंगठा जाईल एवढं भोक निघालं, म्हणजे पाणी मुळात तिथूनच येत होतं. डेंटरकडून तुकडा जोडून घेतला, प्रायमर-रंग वाळायला चार दिवस दिले. काच दुसऱ्या प्रयत्नात बसली. पहिल्यांदा दोरी कोपऱ्यात तुटली. काल अर्धा तास नळी सोडली, पायाशी वर्तमानपत्र पसरलं होतं. कोरडं निघालं. आईला लगेच फोन केला.