गॅरेजमधील अवजारांची चोरी आणि पुढची व्यवस्था : आपल्या रो-हाऊस ग्रुपवरील रविवारची चर्चा

रो-हाऊस १४, सकाळी ८.४०

सर्व सभासदांना नमस्कार. गुरुवारी रात्री आमच्या गॅरेजचे शटर उचकटून चोरी झाली, हे एव्हाना बहुतेकांना समजले आहे. दोन दिवस फोन करून आणि घरी येऊन चौकशी करणाऱ्या सर्वांचे मी आणि सौ. मनापासून आभार मानतो. प्रत्येकाला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगण्यापेक्षा ती एकदा नीट लिहून काढावी, म्हणजे ज्यांच्या गॅरेजमध्ये असेच सामान आहे त्यांना आपापल्या जागेतील उणिवा वेळीच दिसतील, असे वाटल्याने हा लांब संदेश लिहीत आहे.

सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत मी ३१ वर्षे टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारे आणि मापनसाधने सांभाळणाऱ्या विभागात, काम केले आणि निवृत्तीनंतर गॅरेजच्या अर्ध्या भागात छोटे वर्कशॉप उभे केले. त्यातून एक हॅमर ड्रिल, दोन अँगल ग्राइंडर, इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन, सॉकेट सेट, टॉर्क रेंच आणि मायक्रोमीटरच्या, म्हणजे बारीक माप घेण्याच्या उपकरणांच्या, तीन पेट्या (० ते २५, २५ ते ५० आणि ५० ते ७५ मिलिमीटर) गेल्या. मशीन पुन्हा विकत आणता येईल. मायक्रोमीटर मात्र माझ्या उस्तादांनी निवृत्त होताना माझ्या हाती दिले होते आणि त्यांच्या रॅचेटचा, म्हणजे टोकाच्या फिरत्या बोंडाचा, स्पर्श माझ्या बोटांना इतका ओळखीचा होता की, डोळे मिटूनही मी माप सांगू शकत असे. हे नुकसान पैशांत मांडता येत नाही.

चोर आत कसे शिरले, ते सांगतो. आमच्या शटरला डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंना कुलपे लावण्याची सोय आहे. परंतु डावीकडचे कुलूप पावसाच्या पाण्याने गंजून अडकत असल्यामुळे जूनपासून मी फक्त उजवीकडचेच लावत होतो. चोरांनी डाव्या कोपऱ्याखाली पहार घालून शटर एवढे वर उचलले की, एक सडपातळ माणूस सरपटत आत जाईल. ती पहारही माझीच होती. बागेतील खड्डे खणून झाल्यावर मी ती पाण्याच्या टाकीमागे टेकवून ठेवली होती. त्या वेळी जोरदार पाऊस होता आणि दोनच्या सुमारास वीज गेलेली होती, त्यामुळे सेन्सरचा दिवा लागला नाही आणि पत्र्यावर पडणाऱ्या पावसाच्या आवाजात शटरचा आवाज कोणालाही ऐकू आला नाही.

सर्वांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे, बेंचला चार बोल्टनी घट्ट केलेला सहा इंची व्हाइस (वस्तू घट्ट धरणारी पकड) आणि बेंच ग्राइंडर या दोन्ही वस्तू जागच्या जागी आहेत. किमतीने त्या काही कमी नव्हत्या. परंतु बोल्ट सोडवण्यात जाणारी पाच-दहा मिनिटे चोरांनी घालवली नाहीत, आणि जे पेटीसह उचलता येत होते ते सर्व नेले.

रो-हाऊस ३, सकाळी ९.०५

काका, वाचून फार वाईट वाटले. माझा फॅब्रिकेशनचा व्यवसाय असल्यामुळे शटरविषयी जे रोज पाहतो ते सांगतो. शटरची सर्वांत कमकुवत जागा कुलूप नसून खालची पट्टी असते. एकाच बाजूला किंवा फक्त मध्ये कुलूप असेल, तर ज्या कडेला कुलूप नाही तिथली पट्टी पहारीने किंवा गाडीच्या जॅकने सहज वाकते. म्हणून दोन्ही बाजूंची कुलपे रोज लागलीच पाहिजेत, आणि शक्य असल्यास आतून दोन्ही गाइड चॅनलमध्ये (शटर ज्यांतून सरकते त्या बाजूच्या पट्ट्यांत) जाणारी आडवी कडी बसवावी. ज्यांच्या घरातून गॅरेजमध्ये जायला दार आहे, त्यांना ती कडी आतून लावता येते आणि बाहेरच्या माणसाला ती दिसतही नाही.

कडी-कोयंडा लाकडी स्क्रूने बसवलेला असेल तर उत्तम कुलूपही व्यर्थ जाते, कारण चोर कुलपाला हात न लावता कोयंडाच उपटतो. कोयंडा आरपार बोल्टने बसवून नट आतल्या बाजूला घ्यावा आणि बाहेरच्या बोल्टचे डोके गोल ठेवावे, म्हणजे त्यावर पाना लागत नाही. कुलपाचा आकडा कडक पोलादाचा, किमान १० मिलिमीटर जाडीचा आणि शक्यतो कुलपाच्या अंगातच झाकला जाणारा असावा, म्हणजे बोल्ट कटरला पकड मिळत नाही. ग्राइंडरपुढे कोणतेही कुलूप फार वेळ टिकत नाही, हे मी व्यवसायातील अनुभवावरून सांगतो. परंतु ग्राइंडरचा आवाज आणि ठिणग्या चोराला नको असतात. आपण विकत घेतो ते कुलूप म्हणजे खरे तर तेवढी मिनिटे असतात.

पावसाळ्यात कुलूप अडकण्यावर उपाय सोपा आहे. कुलपात खोबरेल किंवा शिलाईयंत्राचे तेल सोडू नये, कारण त्यावर धूळ बसून चिकटा तयार होतो. त्याऐवजी ग्राफाइटची पूड फुंकावी आणि कुलपावर रबराची झडप लावावी. हार्डवेअरच्या दुकानात दोन्ही मिळतात.

रो-हाऊस २१, सकाळी ९.२०

आदरणीय काकांच्या नुकसानीबद्दल अत्यंत खेद वाटतो. माझ्या मते बाहेरच्या लोकांची ये-जा हेच याचे मूळ आहे. भंगारवाले, रंगकामाचे मजूर, कामाला येणाऱ्या बायका आणि पार्सल देणारी मुले यांना गॅरेजमध्ये काय आहे ते सहज दिसते. भंगारवाल्यांना तातडीने बंदी करावी आणि कामाला येणाऱ्या सर्वांची पोलिसांकडून तपासणी करून घ्यावी, असा माझा प्रस्ताव आहे.

रो-हाऊस १४, सकाळी ९.३५

दादा, तुमची कळकळ मला समजते. पण माझी सर्वांना हात जोडून विनंती आहे की, माझ्या चोरीवरून आपल्याकडे कामाला येणाऱ्या कोणावरही संशय घेऊ नये. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी शुक्रवारी सकाळी वाकलेले शटर पाहून रडल्या, आणि दुपारी त्यांनी मला विचारले की आता त्यांना कामावरून काढणार का. हा प्रश्न त्यांच्या मनात यावा याचे मला चोरीइतकेच दुःख झाले. कामावर ठेवताना पोलीस पडताळणी करून घेणे योग्यच आहे. परंतु चोरीनंतर पुरावा नसताना बोट दाखवणे वेगळे. गॅरेज दिवसभर उघडे टाकून सगळे सामान रस्त्यावरून दिसेल असे मांडण्याची चूक माझी होती. आतून जाड पडदा किंवा पत्र्याचे कपाट असते, तर कोणाचीही नजर त्यावर गेली नसती.

रो-हाऊस ९, सकाळी १०.१०

काका, मी वकिली करते म्हणून कायद्याची बाजू थोडक्यात मांडते, कारण पुढे कोणावर अशी वेळ आली तर गोंधळ होऊ नये. माल ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतील चोरीसाठीही भारतीय न्याय संहितेचे कलम ३०५ आहे आणि त्यात सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. त्यामुळे 'हे राहते घर नाही, नुसते गॅरेज आहे' असे कोणी म्हटले तरी मागे हटू नये. कुलूप किंवा शटर तोडून आत शिरले असल्यास घरफोडीचे कलम ३३१ वेगळे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत जाऊन तिच्यावर सही करावी लागते. आणि नोंदीची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. सकाळी चोरी लक्षात आल्यावर प्रथम ११२ वर कळवावे आणि पोलीस येईपर्यंत वाकलेले शटर, पहार, पायांचे ठसे यांतील कशालाही हात लावू नये.

आता एक अडचण, जी काकांना बहुधा शुक्रवारीच जाणवली असेल. माल सापडला तरी तो आपलाच हे दाखवावे लागते. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे हिरवे-निळे ड्रिल मशीन हजारो घरांत असते.

रो-हाऊस १४, सकाळी १०.३०

ताई, अगदी नेमके सांगितलेत. फिर्याद नोंदवताना मला मशीनचे सिरीयल नंबर विचारले, आणि त्यांतील एकही माझ्याकडे नव्हता. बिले कधीच पुसट झालेली. शेवटी सौ.च्या फोनमध्ये मागच्या खंडेनवमीचा फोटो निघाला. दरवर्षी त्या दिवशी मी सगळी अवजारे पुसून, तेल लावून चौरंगावर मांडतो आणि झेंडूची फुले वाहतो. त्या फोटोत हळद-कुंकू लावलेल्या तीनही मायक्रोमीटरच्या पेट्या, त्यांपैकी एकीच्या झाकणावरचा जुना तडा आणि वेल्डिंग मशीनच्या पाठीवरची नंबरपट्टी स्पष्ट दिसते. मोठा करून पाहिल्यावर पट्टीवरील क्रमांकही वाचता आला. माझ्या फिर्यादीत नंबर लिहिलेली तेवढी एकच वस्तू आहे.

रो-हाऊस ९, सकाळी १०.४५

काका, तो मूळ फोटो तारखेसह जपून ठेवा, फोनमधून काढू नका. वस्तू सापडली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये जप्त मालाचे वर्णन आणि छायाचित्र तयार करून त्याच्या ताब्याचा आदेश मुदतीत देण्याची तरतूद आहे, त्यामुळे पूर्वीसारखा मुद्देमाल वर्षानुवर्षे अडकून राहू नये. पण त्यासाठी आपला हक्क आधी दिसला पाहिजे.

रो-हाऊस ६, सकाळी ११.१५

विम्याबाबत एक महत्त्वाची माहिती, कारण अनेकांचा यात गैरसमज आहे. १ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा (जनरल इन्शुरन्स) कंपन्यांकडे मिळणारी 'भारत गृह रक्षा' ही घराची प्रमाणित पॉलिसी आग, पूर, भूकंप अशा संकटांसाठी आहे. चोरीची भरपाई तीत केवळ अशा संकटाच्या परिणामी आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीपुरती मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते घेताना गॅरेजमधील सामान त्यात येते का, आणि अवजारांवर आपण कमाई करत असल्यास ती घरगुती सामानात धरली जातात का, हे दोन प्रश्न लेखी विचारून घ्यावेत. माझ्या वडिलांची सुतारकामाची हत्यारे गॅरेजमध्ये आहेत, त्यांतील रंधे आणि पटाश्या आज बाजारात तशा मिळतही नाहीत. परवापर्यंत मी निश्चिंत होतो, काल पॉलिसी काढून वाचली.

रो-हाऊस ११, सकाळी ११.४०

गल्लीतील कॅमेरा माझ्या गच्चीवर असल्याने त्याविषयी मीच सांगणे योग्य. गुरुवार रात्रीचे चित्रण पोलिसांना दिले आहे, परंतु त्यात छत्रीखालील दोन आकृत्यांपलीकडे काही दिसत नाही. रात्री कॅमेऱ्याचा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पावसाच्या थेंबांवरून परत फिरतो आणि सारे चित्र पांढरे होते. लेन्ससमोर कोळ्याचे जाळेही होते, ते मी आज काढले. कॅमेरा दुसऱ्या मजल्याच्या उंचीवर असल्याने माणसाचे फक्त डोके दिसते. गॅरेजच्या दारासाठी वेगळा कॅमेरा छताच्या आडोशाला, चेहरा टिपला जाईल एवढ्या उंचीवर असावा. रेकॉर्डर गॅरेजमध्ये न ठेवता घरात, इन्व्हर्टरच्या लाइनवर ठेवावा. आणि समोरच्याच्या खिडक्या त्यात येणार नाहीत, याची खात्री शेजाऱ्याला कॅमेऱ्याची स्क्रीन दाखवून करून द्यावी. सेन्सरचे दिवेही बॅटरीवर चालणारे घ्यावेत. ज्या रात्री वीज नसते त्या रात्रीच त्यांची गरज असते.

सचिव, दुपारी १२.२०

सर्वांचे विचार वाचले. समितीच्या अधिकारात येणाऱ्या गोष्टी आज सांगतो. मागच्या भिंतीलगतचे बंद पडलेले तीन दिवे या आठवड्यात बदलले जातील. रखवालदार रात्री दोन ते चार या वेळेत मागच्या गल्लीत फेरी मारून वहीत वेळ लिहितील. पावसात ते फेरी टाळत होते, कारण त्यांच्याकडे रेनकोट नव्हता, आणि ही चूक समितीची आहे. तो उद्याच आणला जाईल. गेटमधून यंत्र किंवा अवजार बाहेर जाताना घरमालकाला फोन करून वहीत नोंद केली जाईल, मग नेणारा ओळखीचा असो वा अनोळखी. शिड्या, पहारी, कुदळी उघड्यावर ठेवू नयेत, ही सर्वांना विनंती आहे.

रो-हाऊस ३, दुपारी १२.४५

सचिव साहेब, एक भर घालतो. पत्र्याची टूल-पेटी नुसती ठेवून उपयोग नाही, भरलेली पेटीही दोन माणसे उचलून नेतात. तिच्या तळाला चार भोके पाडून १० किंवा १२ मिलिमीटरच्या अँकर फास्टनरने (काँक्रीटच्या भोकात फुगून घट्ट बसणाऱ्या बोल्टने) ती काँक्रीटच्या फरशीत पक्की करावी; फास्टनरचे नट पेटीच्या आत राहतात, त्यामुळे झाकण उघडल्याशिवाय ते सुटत नाहीत. ग्राइंडर आणि पहार आधी त्या पेटीत जावेत, कारण इतर सगळे फोडण्याचे साधन तेच असते. कॉर्डलेस मशीनच्या बॅटऱ्या आणि चार्जर रोज घरात न्यावेत. फास्टनर ठोकण्याचे काम मी कोणाकडूनही मजुरी न घेता करून देईन, फक्त सामान आणून ठेवावे.

रो-हाऊस २, दुपारी १.०५

आमच्या सासूबाईंनी हे सगळे मोठ्याने वाचून घेतले आणि एक गोष्ट सुचवली, ती मला फार पटली. पूर्वी नवे भांडे घरात आले की भांडीवाल्याकडून त्यावर नाव घालून घेतल्याशिवाय ते वापरात येत नसे, म्हणून लग्नाकार्यात शेजारी गेलेले पातेलेही बरोबर घरी परत येई. आमच्याकडे १९६८ सालचे नाव कोरलेला तांब्या आजही आहे. मग हजारो रुपयांच्या यंत्रावर आपण नाव का घालत नाही, असे त्यांनी विचारले.

रो-हाऊस १४, दुपारी १.३०

वहिनी, आईंना माझा नमस्कार सांगा. टूलरूममध्ये प्रत्येक गेजवर क्रमांक ठोकलेला असे आणि त्याशिवाय ते रजिस्टरवर चढत नसे. हे काम मी आयुष्यभर कंपनीसाठी केले आणि स्वतःच्या घरी एकदाही केले नाही.

माझी नंबर पंचची (धातूवर अक्षरे-आकडे ठोकण्याच्या ठशांची) पेटी आणि हातोडी बेंचखालच्या खणात होती, ती वाचली आहे. येत्या शनिवारी सकाळी नऊपासून मी गॅरेजमध्ये बसेन. सर्वांनी आपली अवजारे आणावीत. आडनावाचे आद्याक्षर आणि रो-हाऊस क्रमांक दोन ठिकाणी घालू, एक सहज दिसेल असे आणि दुसरे पटकन घासून काढता येणार नाही अशा आतल्या जागी. प्रत्येक वस्तूचा, तिच्या नंबरपट्टीचा आणि असल्यास जुन्या खुणांचा फोटो तिथेच काढून घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या फोनवरही पाठवून ठेवावा. यंदाच्या खंडेनवमीला पूजा मांडताना तीच यादी हातात घेऊन एकेक वस्तू पडताळून पाहता येईल.

एक सूचना आहे. प्लास्टिकच्या बॉडीवर पंच मारल्यास ती तडकते, म्हणून अशी मशीन वेगळी ठेवावीत, त्यांच्यावर कोरणीचे पेन वापरावे लागेल. रो-हाऊस ११ यांच्याकडे ते असल्यास कृपया आणावे. मायक्रोमीटर, व्हर्नियर किंवा डायल गेज यांच्यावर कोणीही ठोका मारू देऊ नये, मलाही नाही; त्यांच्या मापात फरक पडतो. त्यांचे नाव पेटीवर घालू आणि नंबर वहीत लिहू.

रो-हाऊस ११, दुपारी १.३५

पेन आहे काका, घेऊन येतो. टोक नवीन लागेल, ते उद्या आणतो.