सल्ला हवा: वऱ्हाडातल्या झोंबी कथांचं पुस्तक कुठून काढू?

पांदणरस्ता
राम राम मंडळी. मी दारव्ह्याकडचा, कथा लिहितो, पाठीमागे कोणी प्रकाशक नाही. खबर अशी का झोंबी कथांचा संग्रह लिहून झाला एकदाचा, अन् मले लय आनंद हाय त्याचा. सगळ्या कथा छोट्या, एका बैठकीत होतीन अशा, अन् सगळ्या आपल्याच भागातल्या. एकात रात्रीची लाईन आल्यावर हरभऱ्याले पाणी द्यायला गेलेला माणूस हाय, एक जिनिंगमधल्या रात्रपाळीची, एक जागलीवरची, म्हणजे रातच्याला शेत राखायची, जिथं रानडुकरं येणंच बंद होते अन् का बंद झालं ते मंग समजते.
मुख्य कथा सालदाराची, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेल्या शेतगड्याची. तो भर हंगामात मरते, पण साल पाडव्यापर्यंतचं, उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, म्हणून मालक त्याले उठवून कामाले लावते. पाडवा येते, जाते, त्याचं साल काही संपत नाही.
विचारायचं हे का पुस्तक किंडलवर ई-बुक म्हणून टाकू, प्रतिलिपीच्या ॲपवर टाकू का दिवाळी अंकांकडे एकेक कथा धाडू? संवाद वऱ्हाडीत हायेत, पुण्यामुंबईचा वाचक अडखळन का? अन् झोंबी हे बाहेरून आलेलं, तर कॉपीराइटची काही भानगड तर नाही ना?

कपाशीचं_बोंड
अभिनंदन भाऊ! शेवटच्या प्रश्नापासून सांगतो. झोंबीवर कोणाचा सातबारा नाही. 1968 मध्ये जॉर्ज रोमेरोचा जो सिनेमा आला, ज्यातून आजचा माणसं खाणारा झोंबी निघाला, त्याचं नाव ऐनवेळी बदललं अन् नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली, तवाच्या अमेरिकन कायद्यात ती ओळ नसली का हक्क गेला, म्हणून तो सिनेमाच सगळ्यांचा झाला. तुमच्या कथेवर मात्र तुमचा हक्क लिहिल्या क्षणापासून हाय, नोंदणी सक्तीची नाही.
आता किंडल. भारतातल्या विक्रीवर 70 टक्के रॉयल्टी पाहिजे असन तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे ॲमेझॉनच्या 'फक्त किंडलवर' योजनेत, टाकावं लागते, नाहीतर 35 टक्के. अन् सिलेक्टची अट अशी का ते 90 दिवस तेच पुस्तक डिजिटल रूपात दुसरीकडं कुठंच ठेवता येत नाही. म्हणजे प्रतिलिपीवर सगळ्या कथा फुकट टाकसान अन् मंग सिलेक्टले जासान तर जमणार नाही. आधी ठरवा, मंग टाका. ई-बुकले आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, लागत नाही. छापील काढलं तर राजा राममोहन रॉय एजन्सीकडून फुकटात मिळते, त्यासाठी एजंटले पैसे देऊ नका.

वाचनालयातली_ताई
मी गावातलं वाचनालय सांभाळते, म्हणून वाचकाच्या बाजूनं सांगते. पुस्तकाचं नाव नुसतं 'झोंबी' ठेवू नका. आमच्याकडे कोणी 'झोंबी' मागितलं की हात आपोआप आनंद यादवांच्या त्याच नावाच्या आत्मचरित्रात्मक कादंबरीकडे जातो, आणि ऑनलाइन शोधलं तरी तेच वर येणार, नाहीतर 2022 चा 'झोंबिवली' सिनेमा. नावात सालदार किंवा पाडवा यावा असं मला मनापासून वाटतं.
आणि ती सालदाराची कथा पहिली ठेवा, शेवटी नको! कारण तुम्हाला माहीत असो नसो, ती मुळाशी जाऊन भिडलीय. झोंबी आला हैतीतून, तिथं फ्रेंचांचे उसाचे मळे होते आणि त्यावर आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते, 1804 मध्ये ते स्वतंत्र झाले तरी भीती मागे राहिली. तिथल्या लोकांना झोंबी चावेल याची भीती नव्हती, आपणच झोंबी होऊ याची होती, म्हणजे मेल्यावरही सुटका नाही, मालकासाठी राबतच राहायचं. चावाचावी सिनेमावाल्यांनी नंतर आणली. तिथं असंही मानतात की झोंबीला मीठ खाऊ घातलं की तो भानावर येतो आणि आपल्या कबरीकडे चालू लागतो, म्हणून मालक त्याला अळणीच जेवण देतो.
दिवाळी अंकांचं म्हणाल तर 'धनंजय' आणि 'नवल' या दोघांकडे गूढकथेचा हक्काचा वाचक आहे. पाठवायचं तर पावसाळ्याच्या तोंडालाच पाठवा, गणपतीपर्यंत थांबलात तर अंक भरलेले असतात. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा, गूढकथा वाचून मोठे झालेले वाचक अजून आहेत हो, त्यांना नवीन कोणी मिळत नाही म्हणून तेच परत परत नेतात.

झाडीपट्टीवाला
वडश्याहून लिवतो. बोलीची चिंता करू नका गा. आमच्या झाडीपट्टीत रातभर नाटक चालते, दिवाळी झाली का सुरू, अन् पब्लिक पहाटपर्यंत जागेवरून उठत नाही, कावून का स्टेजवरचा माणूस तिच्यासारखा बोलते. पण एक करा, संवाद मोठ्यानं वाचून पाहा, मेलेल्या माणसाच्या तोंडी जितकं कमी तितकं भ्या जास्त. निवेदन साधं ठेवा, मंग पुण्याचा वाचकही चालते.
अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची एकतरी कथा पाहिजेच! गावभर 'घेऊन जा गे मारबत' ओरडत रोगराई शिवेबाहेर काढतो ना आपण, अन् शिवेबाहेर काढलेलं परत आलं तर? ही कथा तुमीच लिवा, दुसरं कोणी लिवणार नाही.

पांदणरस्ता
ताई, हैतीचं मले खरंच माहीत नव्हतं, वाचून अंगावर काटा आला. माझ्या कथेत मालकीण सालदाराले रोज भाकर देते अन् तो न बोलता खाते, एवढंच होतं. आता ती भाकर अळणी राहीन, अन् मालकाची लहान पोरगी एक दिवस त्यावर ठेचा ठेवून देते. शेवट पुरा बदलणार.
ठरलं असं: सालदाराची कथा आधी दिवाळी अंकाले धाडतो, आली तर आली, नाही आली तरी पुस्तकात पहिली तेच. प्रतिलिपीवर फक्त जागलीवाली टाकतो, तेवढी पुस्तकातून बाहेर ठेवतो, म्हणजे सिलेक्टची अडचण नाही. मारबतीची लिहायला घेतो.
पुस्तक निघायच्या आधी कच्ची प्रत वाचून खरं खरं सांगणारे दोनचार जण पाहिजेत, एकजण तरी विदर्भाबाहेरचा असावा, बोली कुठं अडते ते कळन. ज्याले जमते त्यानं इथंच सांगा, मी मेसेज करतो.

वाचनालयातली_ताई
मला पाठवा. आणि वाचनालयासाठी एक छापील प्रत आत्ताच बुक करून ठेवते.