टेकू न घेता रायफल धरताना : अनुभव धागा

फोंड्याचे मामा
माझा भाचा न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर नोकरी करतो. तेथे त्याने रीतसर बंदुकीचा परवाना घेतला असून सरकारी वनजमिनीवर हरणाच्या शिकारीची परवानगीही काढली आहे. परवा त्याने मला विचारले, "मामा, बाकावर वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवली की शंभर मीटरवर माझ्या गोळ्या रुपयाएवढ्या जागेत पडतात, पण उभा राहिलो की ताटभर पसरतात. काय करू?" त्या प्रश्नाने मला महाविद्यालयातील एनसीसीचे दिवस आठवले. आम्ही पॉइंट टू-टू रायफल पंचवीस यार्डांवर पोटावर झोपून चालवत असू, आणि उभ्याने नेम धरायची वेळ आली की भल्याभल्यांची नळी हवेत आकडे काढू लागे. लाल हरिण १८५१ पासून इंग्रजांनी तेथे नेऊन सोडले. त्याला खाणारा प्राणी तेथे नाही, त्यामुळे ते जंगलाची नासाडी करते आणि त्याच्या शिकारीला मोकळीक आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मेरू म्हणजे सांबर, चितळ, भेकर या सर्वांची शिकार बंद आहे, हे सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा येथील मंडळींनी निशाण्याच्या सरावाविषयीच लिहावे. उभ्याने, बसून किंवा गुडघ्यावर, टेकू न घेता कोणी सराव केला असल्यास नळी कशाने स्थिर झाली ते सांगावे.

म्हापशेकरीण
मी दहा मीटर एअर रायफल खेळते. भाच्याला सांगा की रायफल हातांच्या बळावर धरू नये, हाडांवर ठेवावी. आम्ही निशाण्याला काटकोनात उभे राहतो, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि रायफलचे वजन डाव्या पायातून जमिनीत जाऊ देतो. नेम धरल्यावर डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम बाजूला सरकलेला दिसला तर हाताने ओढून आणण्याचा मोह टाळावा आणि मागचे पाऊल किंचित सरकवावे, कारण ओढून आणलेला नेम चाप दाबताना पुन्हा आपल्या जागी पळतो. माझ्या प्रशिक्षकांनी पहिला बराच काळ एकही छर्रा न देता कोऱ्या भिंतीसमोर उभे केले होते आणि मला तेव्हा त्यांचा फार राग येत असे. एक फरक मात्र लक्षात ठेवावा. आमची रायफल साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि अंगात ताठ जाकीट असते. शिकारीची रायफल हलकी असते, ती अधिक थरथरते.

काणकोणचा माजी सैनिक
म्हापशेकरीणताईंनी पायांचे सांगितले, मी बोटाचे सांगतो. नळी हलणारच, ती थांबण्याची वाट पाहणारा माणूस शेवटी घाईने चाप ओढतो आणि गोळी भलतीकडे जाते. हलणे लहान होत जाते त्या वेळी दाब वाढवत न्यावा आणि ते मोठे होऊ लागले की दाब तेथेच धरून ठेवावा. श्वास सोडल्यावर जो स्वाभाविक विराम येतो त्यात गोळी सुटली पाहिजे. विराम लांबला की डोळ्यांपुढे अंधुक होते, अशा वेळी रायफल खाली घ्यावी आणि पुन्हा सुरुवात करावी. रिकाम्या रायफलने घरी रोज सराव करावा. त्याआधी चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती जागा, डोळ्यांनी पाहावे, बोटाने चाचपावे आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. चाप सुटला त्या क्षणी मक्खी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, नेमकी कुठे होती हे मोठ्याने सांगण्याची सवय लावावी. हे ज्याला सांगता येत नाही, त्याने डोळे मिटले होते असे आमचे उस्ताद म्हणत.

डिचोलीचा पशुवैद्य
मी बंदूक चालवत नाही, पण प्राण्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो. मध्यम आकाराच्या हरणाचे हृदय आणि फुप्फुसे मिळून साधारण वीतभर व्यासाचा भाग असतो. गोळी तेथे लागली तर प्राणी लवकर संपतो. ती मागे सरकून पोटात लागली तर जनावर कित्येक तास तडफडते, तेही माणसाच्या नजरेआड, झुडपात. भाच्याच्या गोळ्या शंभर मीटरवर ताटभर पसरतात, म्हणजे दोनशेवर तो पसारा दुप्पट आणि तीनशेवर तिप्पट होणार. शिवाय तीनशे मीटर जायला गोळीला सुमारे ०.४ सेकंद लागतात आणि तेवढ्यात चरणारे हरिण एक पाऊल टाकू शकते. त्याने आपल्या चांगल्या गोळ्या मोजू नयेत, सर्वांत वाईट गोळी वीतभर वर्तुळात राहते ते अंतर मोजावे. दम लागलेला असताना, थंडीत, जाडे कपडे घालून हे अंतर पुन्हा मोजावे आणि त्यातही जे कमी येईल तेच धरावे.

कुळागरवाला
आमच्याकडे बाबांच्या नावाची पीकसंरक्षणाची बंदूक आहे. निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते आणि नेमक्या त्याच दिवसांत रानडुकरे बागेत येतात. आचारसंहिता त्यांना बरोबर कळते, अशी माझी शंका आहे. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी आदेशाशिवाय तसेही काही करता येत नाही, म्हणून आम्ही फटाक्यांवर भागवतो. फटाक्याला नेम लागत नाही, एवढेच आमचे सुख.

मडगावकर, सध्या स्कॉटलंड
ब्रिटनमध्ये हरणांच्या शिकारीच्या प्राथमिक पात्रतेसाठी मी जी नेमबाजीची चाचणी दिली, तिच्यात शंभर मीटरवरून झोपून, सत्तर मीटरवरून बसून किंवा गुडघ्यावर आणि चाळीस मीटरवरून उभ्याने गोळ्या झाडायच्या होत्या, आणि उभ्याने झाडताना काठीचा आधार चालत होता. परीक्षा घेणारेच उभ्या माणसाला चाळीस मीटर देतात, हे भाच्याला दाखवावे. माझ्याबरोबर डोंगरावर येणारा स्थानिक वाटाड्या तर अंतर जास्त वाटले की रायफल पिशवीतून बाहेरच काढू देत नाही. आम्ही पोटावर सरपटत जवळ जातो, आणि जाता आले नाही तर डबा उघडून जेवतो.

म्हापशेकरीण
मग टेकू न घेता सराव करायचाच कशाला, काठी नेली की झाले, असे कोणी विचारेल.

मडगावकर, सध्या स्कॉटलंड
प्रश्न रास्त आहे. गवत छातीभर उंच असले की झोपून काही दिसत नाही, आणि उतारावर काठी रोवायला उसंत मिळेलच असे नाही. तेथे बसण्याची पद्धत फार उपयोगी पडते. दोन्ही कोपरे गुडघ्याच्या वाटीवर न ठेवता वाटीच्या थोडी पुढे, आतल्या मऊ भागावर टेकवावीत, कारण हाडावर हाड घरंगळते. पट्टा डाव्या दंडाला एक वेढा देऊन ताणावा. माझ्या बाबतीत बसल्यावर पसारा उभ्याच्या निम्म्याहून कमी झाला. शिवाय उभ्याने नियमित सराव केलेल्या माणसाचा चाप काठीवरही सुधारतो, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिले आहे.

फोंड्याचे मामा
सर्वांचे आभार. भाच्याला सगळे वाचून दाखवले. बसून सराव सुरू करतो म्हणाला आणि उभ्याने साठ मीटरच्या पुढे चाप दाबणार नाही असेही कबूल केले. पशुवैद्यांचे वाचून तो थोडा वेळ काही बोलला नाही.

पेडण्याची विद्यार्थिनी
मला घरीच सराव करायचा आहे. एअर रायफलला परवाना लागतो का?

काणकोणचा माजी सैनिक
२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचापर्यंत व्यासाच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. पण खरेदीची पावती जपून ठेवावी. निशाण्यामागे जुन्या कापडाने गच्च भरलेली पेटी ठेवावी आणि तिच्यामागे भक्कम भिंत असावी. दाराकडे तोंड करून कधीही उभे राहू नये. पक्ष्यांवर तर नेम अजिबात धरू नये. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सराव झाल्यावर साबणाने हात धुऊनच चहाला बसावे.