मदत हवी आहे: ‘खेकडा’ इंजिनाच्या ४० बॉडी कुठे ओतून मिळतील?

एकेकाळी घाटात मालगाड्या ओढणाऱ्या डब्ल्यूसीजी-१ या विजेवरच्या रेल्वे इंजिनाचं, आपल्या लाडक्या ‘खेकड्या’चं, १:८७ मापाचं मॉडेल करतोय. फक्त ४० नग. चेसिस नको, बॉडीच हवी: मधली केबिन आणि दोन बॉनेट. थ्रीडी प्रिंटचा मास्टर (ज्यावरून साचा बनतो तो मूळ नमुना) घासून तयार आहे.

घरी सिलिकॉनच्या साच्यात रेझिन ओतून पाहिलं. पंधराव्या नगाला साचा खिडकीच्या कोपऱ्यात फाटला, चौकटीवर रेझिनचा पापुद्रा येऊ लागला. भोसरीतल्या एका वर्कशॉपने इंजेक्शन मोल्ड सुचवला, पण एवढ्याशा नगांसाठी त्याची डाय (धातूचा साचा) परवडतच नाही. बुकिंगचे पैसे कुणाकडूनही घेतलेले नाहीत, त्यामुळे घाई नाही.

पुण्या-मुंबईत व्हॅक्यूम कास्टिंगचं (हवा काढून घेऊन साच्यात रेझिन ओतण्याचं) इतकं छोटं काम कोण घेतं? आणि साचा माझ्याच मालकीचा राहील, जादा नग काढले जाणार नाहीत, हे वर्क ऑर्डरमध्ये नेमकं कसं लिहून घ्यायचं?