क्रेटमधले सुटे जॉब रोबोट उचलेल का? एआय कितपत कामाचं?

भोसरीकर: आमचं छोटं टर्निंग शॉप (लेथवर कातकाम) आहे. फोर्जिंगचे जॉब, म्हणजे ठोकून घडवलेले तुकडे, लोखंडी क्रेटमध्ये कसेही पडलेले येतात, हेल्पर एकेक उचलून सीएनसी लेथच्या चकात (जॉब धरणाऱ्या जबड्यात) लावतो. रात्रपाळीला माणूस टिकत नाही, म्हणून कोबॉट (माणसाशेजारी चालणारा रोबो-हात) बघतोय. विक्रेता म्हणतो, ‘एआय आहे, सगळं आपोआप शिकतं.’ खरंच?

खटपट्या_काका: ‘सगळं’ म्हणाला ना, तिथंच सावध व्हा.

2019 साली ओपनएआयच्या रोबो-हाताने रुबिक क्यूब सोडवला, मोठा गाजावाजा झाला. त्यात कुठली बाजू फिरवायची हे साधा जुना अल्गोरिदम सांगत होता. एआयकडे फक्त क्यूब बघणं आणि बोटं हलवणं होतं! तरी पूर्ण विस्कटलेला क्यूब पाचांत एकदाच जमायचा. तुमच्या चकाला हे परवडेल?

तुम्हीही कामाचे दोन तुकडे करा. क्रेटमधून उचलायला एआय घ्या. प्रत्येक जॉब वेगळ्या कलाने पडलेला असतो, तिथं ठरलेला पॉइंट शिकवून भागत नाही. वरचा थ्रीडी कॅमेरा बघतो, एआयचं न्यूरल नेटवर्क पकडायची जागा सुचवतं. बर्कले विद्यापीठवाल्यांनी 2017 मध्ये डेक्स-नेट या एआयला 67 लाख कृत्रिम नमुन्यांवर हेच शिकवलं, सगळे संगणकात बनवलेले.

चकात लावायला मात्र एआय नको. बोटांत जॉब थोडा सरकतोच, आणि तसाच चकात घातला की तिरका बसतो. मध्ये एक व्ही-ब्लॉक (व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा) ठेवा. जॉब त्यावर सोडायचा, स्टॉपरला टेकवायचा, मग नीट पकडायचा. तिथून पुढं शिकवलेले पॉइंट आणि पीएलसीचे (मशीनच्या कंट्रोलरचे) सिग्नल: दार उघडं, चक उघडा, जॉब बसला. कंटाळवाणं आहे, पण रात्री दोनला तेच चालतं.

लॅबमधली_मी: काका, थोडं जुन्या वळणाचं बोलताय. 2023 च्या अलोहा या रोबोट-प्रयोगात माणसाने जोडीचे रोबो-हात हलवून दाखवलेल्या पन्नासेक नमुन्यांवर रोबोट बॅटरी बसवण्यासारखी नाजूक कामं शिकला. गूगलच्या आरटी-2 या रोबोट-मॉडेलला तर साध्या वाक्यात काम सांगता येतं.

खटपट्या_काका: शिकला, मान्य. पण दहांतले आठ-नऊ प्रयत्न जमले की लॅबमध्ये पेढे वाटतात, शॉपमध्ये तेवढ्यावर मशीन बंद पडतं. रोज नवा जॉब असता तर तुमचंच ऐकलं असतं, ताई. यांचा जॉब महिनोन्महिने तोच.

भोसरीकर: आणि क्रेटच्या कोपऱ्यातले शेवटचे जॉब?

खटपट्या_काका: आता बोललात! कोपऱ्यात ग्रिपरची बोटं भिंतीला अडतात. चुंबक लावलं तर दोन जॉब एकदम चिकटून येतात, मग वजन तपासून एक परत टाकावा लागतो. तेलकट, चकचकीत जॉबवर कॅमेराही गडबडतो, शॉट ब्लास्ट केलेले (छर्‍यांच्या माऱ्याने साफ केलेले) बरे दिसतात. बयाणा द्यायच्या आधी तुमचाच क्रेट विक्रेत्याकडे पाठवा, जसा येतो तसा, न पुसता. तुमच्या सायकल टाइममध्ये (एका जॉबला लागणाऱ्या वेळात) तळापर्यंत रिकामा करून दाखव म्हणावं. वरचे चार जॉब कुणीही उचलतो.

भोसरीकर: सोमवारी टेम्पोत टाकतो. व्ही-ब्लॉक आमच्याकडेच पडलेत.