किवीचा वेल माजला की फळ पाणचट का होते?

वाळपईकर (प्रश्न)
आमचा अनुभव गोव्यातल्या सत्तरीतल्या कुळागराचा (सुपारी-नारळाच्या मिश्र बागेचा) आणि थोड्या काजूंचा. परंतु धाकटा भाऊ हिमाचलात कुल्लूकडे एका किवीच्या बागेची देखरेख करतो. गेल्या हंगामात त्याच्याकडचे हेवर्ड जातीचे वेल इतके फोफावले की मांडवाखाली भर दुपारीही काळोख असायचा. फळ आकाराने बरे भरले, पण पिकल्यावर पाणचट लागले आणि शीतगृहात लवकर मऊ पडले. खतपाणी मुबलक होते. मग एवढ्या जोमदार वेलाचे फळ हलक्या प्रतीचे का निघावे? छाटणी केव्हा आणि किती करावी?

डिचोलीचा बागायतदार
मी काही वर्षे नाशिककडे द्राक्षबागेत काम केले आणि नंतर किवीच्या बागाही पाहिल्या, म्हणून सविस्तर लिहितो. किवीचे फूल गेल्या वर्षीच्या काडीतून निघणाऱ्या नव्या फुटव्यावर येते, त्यामुळे फळ आणि वाढता शेंडा एकाच ताटात जेवतात. जो फुटवा थोडी पाने देऊन आपोआप थांबतो, त्याची पाने लवकर जून होतात आणि फळाला अन्न पुरवू लागतात. जो थांबतच नाही आणि पुढे पीळ घालत लांबत जातो, तो मात्र कित्येक आठवडे स्वतःच अन्न ओढत राहतो. शिवाय फळाला घट्ट ठेवणारे कॅल्शियम मुख्यतः फळधारणेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत पाण्याच्या प्रवाहाबरोबर फळात शिरते. पाने फळापेक्षा कितीतरी अधिक पाणी उडवतात, म्हणून माजलेल्या वेलात कॅल्शियम पानांकडेच जाते. आपल्या भावाची फळे लवकर मऊ पडण्यामागे हे एक कारण असू शकते.

चवीचा प्रश्न सावलीचा आहे. तोडणीच्या वेळी किवीत पिष्ट साठलेले असते आणि पिकताना त्याचीच साखर होते. सावलीतल्या फळात हा साठा कमी राहतो, मग आकार कितीही दिसो. त्याच सावलीत वाढलेल्या काडीचे डोळे पुढच्या वर्षी कमी फुले देतात, हे नुकसान तर वर्षभराने कळते. मुबलक खतात नत्र जास्त झाले असेल, तर तेही याच माजाला खतपाणी घालते.

पेडण्याचा आंबेवाला
मानकुराद आंब्याला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी फुटली की त्या फांद्यांवर सहसा मोहोर येत नाही, हे आम्ही दरवर्षी पाहतो. तेव्हा वाढ रोखावी हे खरेच. ऐन उन्हाळ्यात एकदाच सपाटून छाटून टाकले तर काम होणार नाही का?

डिचोलीचा बागायतदार
नाही, आणि हे मी आग्रहाने सांगतो. एकदम उघडे पडलेले फळ उन्हाने भाजते आणि जोरकस वेल छाटलेल्या जागेतून पुन्हा फुटतो, म्हणजे नवा शेंडा पुन्हा अन्न ओढू लागतो. फळाला पानेच पोसतात. ती ओरबाडून गोडी येणार नाही. फुलोऱ्याच्या सुमारास फळ धरणाऱ्या फुटव्यांचे शेंडे शेवटच्या फळापुढे साधारण ४ ते ६ पाने ठेवून खुडावेत, खोडाजवळून सरळ उभी येणारी जोरकस पाणफूट कोवळी असतानाच मोडावी आणि पुढच्या वर्षीसाठी लागणाऱ्या मध्यम जोमाच्या काड्या जपून बांधून घ्याव्यात. नंतर दर काही आठवड्यांनी थोडी थोडी विरळणी करावी. कुळागरात मिरवेलीसाठी माडांच्या झावळ्या आपण बेताने विरळ करतो, तसाच हात इथे हवा. मांडवाखालच्या जमिनीवर दुपारी उन्हाचे कवडसे हलताना दिसले पाहिजेत.

वाळपईकर
मनापासून आभार. सुधारणा झाली की नाही, हे तोडणीपूर्वी कळण्याचा मार्ग आहे काय?

डिचोलीचा बागायतदार
आहे. दाट आणि मोकळ्या अशा दोन्ही भागांतली फळे वेगवेगळी घ्या, मधोमध पातळ चकती कापून वजन करा आणि सुमारे ६५ अंश सेल्सियसवर वजन घटायचे थांबेपर्यंत वाळवून पुन्हा तोला. उरलेले वजन मूळ वजनाच्या शेकडा किती, तो शुष्कांश; तो जितका अधिक, तितकी फळाची पिकल्यावरची गोडी अधिक. नुसता ब्रिक्स (रसात विरघळलेल्या साखरेचे माप) पाहू नये, कारण हेवर्ड ६.२ ब्रिक्सला तोडणीयोग्य मानतात, तेव्हा बहुतेक गोडी पिष्टाच्या रूपातच असते. भावाला या हंगामात दोन्ही भागांचे आकडे वहीत शेजारी शेजारी मांडायला सांगा, आणि ते इथे अवश्य कळवा.