हीलीचा लिंकन (१८६९): अव्वल व्यक्तिचित्र की कापून काढलेला तुकडा?

आडवा कुंचला: अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या तैलचित्रांत जॉर्ज हीलीच्या १८६९ च्या लिंकनला तोड नाही, असं माझं ठाम मत आहे. मुत्सद्दी रंगवायचा म्हणजे खांब, मखमली पडदा, टेबलावर कागदपत्रं. चित्रकार गिल्बर्ट स्टुअर्टच्या १७९६ च्या पूर्णाकृती वॉशिंग्टनपासून हा साचाच पडला. इथे नुसता तपकिरी अंधार, खुर्ची आणि पुढे झुकलेला माणूस. कोपर गुडघ्यावर, हनुवटी हातावर.

जुनं वॉर्निश: साफ असहमत. ही पोझ या चित्रासाठी सुचलेलीच नाही. हीलीच्याच १८६८ च्या 'द पीसमेकर्स'मधून ती उचलली आहे. तिथे मार्च १८६५ मध्ये 'रिव्हर क्वीन' बोटीवर जनरल शर्मन बोलतोय, जनरल ग्रँट आणि ॲडमिरल पोर्टर शेजारी, लिंकन ऐकतोय. बाकी तिघं काढले की ऐकणारा आपोआप चिंतनमग्न वाटतो. शिवाय लिंकन एप्रिल १८६५ मध्येच गेला, म्हणजे समोर मॉडेलही नाही.

आडवा कुंचला: नोव्हेंबर १८६० मध्ये स्प्रिंगफील्डला तो हीलीसमोर बसला होता की!

जुनं वॉर्निश: बिनदाढीचा, यादवी युद्धाआधीचा. तो चेहरा वेगळा.

पॅलेट नाइफ: ते सिटिंग रंगासाठी मोलाचं. तेव्हाचे वेट कोलोडियन (ओल्या रसायनाच्या काचेवर घेतलेले) फोटो निळ्याला संवेदनशील, तांबड्याला जवळजवळ आंधळे. रापलेली कातडी फोटोत आहे त्याहून काळी येते, फिके डोळे आणखी फिके. फक्त फोटोवर विसंबणारा चित्रकार सावलीत काळा कालवतो, परावर्तित उजेड विसरतो आणि चेहरा राखेचा करून ठेवतो. कडांचंही तेच: फोटोत कान आणि कॉलर सारखेच रेखीव, म्हणून हाही सगळीकडे धार काढत बसतो. हीलीचा गडद कोट पार्श्वभूमीत विरतो, म्हणून नजर चेहऱ्यावर आणि हातावर राहते.

आडवा कुंचला: व्हाइट हाउससाठी राष्ट्राध्यक्ष झालेल्या ग्रँटने कॉग्सवेल या दुसऱ्या चित्रकाराचं चित्र निवडलं. (गंमत बघा, 'पीसमेकर्स'मध्ये ग्रँट स्वतः आहे!) हीलीचं लिंकनचा मुलगा रॉबर्टने विकत घेतलं, वडिलांचं दुसरं कुठलंच चित्र त्याला याच्या तोडीचं वाटत नव्हतं. रॉबर्टच्या पत्नीच्या मृत्युपत्रामुळे ते १९३९ मध्ये व्हाइट हाउसला मिळालं. आणखी काय पुरावा हवा?

जुनं वॉर्निश: मुलाने चेहऱ्याची ग्वाही दिली, मांडणीची नव्हे. १८६८ च्या चित्रात शर्मनवर कागद धरून बघा. लिंकनचा एक केससुद्धा हललेला नसतो, तरी माणूस ऐकायचा थांबून विचारात पडलेला दिसतो. ही करामत रिकाम्या जागेची आहे, त्याचं श्रेय चेहऱ्याच्या रंगकामाला देऊ नका.